खोड सांगून विकलेली मोटार

आबांना घेऊन धुळ्याला जाऊ नये, एवढं मला कळायला हवं होतं. मी वकील माणूस, उलटतपासणी घेऊन पोट भरतो. समोरचा साक्षीदार कुठे घोटाळा करणार हे मला तो पिंजऱ्यात चढतानाच कळतं. पण स्वतःच्या बापाच्या बाबतीत माझी अक्कल दरवेळी घरी राहते.

गोष्ट छप्पन सालच्या चैत्रातली. मला जुनी मोटार देऊन नवी घ्यायची होती. धुळ्याला आग्रा रोडवर भिकमचंद शेठची मोटारींची पेढी होती. जुनी गाडी ठेवून घ्यायची, तिची किंमत वळती करायची आणि वरचे पैसे घेऊन नवी द्यायची, असा व्यवहार ते करत. त्यांचं पत्र आलं होतं की नवी गाडी एकच आली आहे, शनिवारपर्यंत तुमच्यासाठी ठेवतो, ही गेली तर पुढची दिवाळीनंतर.

दिवाळीपर्यंत थांबणं मला शक्यच नव्हतं. कुंदाला, माझ्या बायकोला, सातवा महिना लागला होता आणि जळगावच्या डॉक्टरांनी बजावलं होतं की जराही काही वाटलं तर तासाच्या आत इथे आणा. असोद्याहून जळगाव चार मैल. पण आमच्या मोटारीच्या भरवशावर चार मैलसुद्धा लांबच.

हे बजावण्याला कारण होतं. दोन वर्षांपूर्वी, वैशाखात, कुंदा अशीच अवघडलेली होती. मी एका खटल्यासाठी एस.टी.ने धुळ्याला गेलो होतो. दिवसाउजेडी, सकाळी साडेदहाच्या सुमारास तिला कळा सुरू झाल्या आणि आबा तिला घेऊन दवाखान्यात पोचले तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. कुंदा वाचली. मुलगा वाचला नाही. डॉक्टर म्हणाले, तासभर आधी आणलं असतं तर. मी घरी येऊन आबांना एकच प्रश्न विचारला की इतका उशीर का झाला. आबा खाली बघत म्हणाले, "मीच निघालो नही लवकर. सुईनीवर भरोसा ठेवला."

त्या दिवसापासून मी आबांशी कामापुरतं बोलायला लागलो. केळीला पाणी दिलं का, शेतसारा भरला का, बस. कुंदाने दोन-तीनदा काही सांगायचा प्रयत्न केला, पण आबांचं नाव निघालं की मी उठून जायचो. म्हातारा सुईणीच्या नादी लागला आणि माझा मुलगा गेला, हे माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

तरीही त्यांना सोबत न्यावं लागलं, कारण जुनी मोटार घेतली होती मी, पण आबांच्या पैशांनी, आणि कागदावर आबांचंच नाव होतं, लोटन तोताराम. त्यांच्या सहीवाचून पान हलणार नव्हतं.

ही जुनी मोटार म्हणजे माझी हौस. एकोणपन्नास साली, विलायतेला परत जाणाऱ्या एका साहेबाकडून मी ती विकत घेतली. आबा म्हणाले होते, घरात बैलांची दमणी आहे, मोटार कशाला? मी त्यांना सगळ्या पंगतीसमोर सांगितलं होतं, "आबा, चार मैल दहा मिनिटांत. बैलांना जमेल?" आबा हसले आणि त्यांनी पैसे काढून दिले. मोटार दिसायला झकास होती. पुढे तिचा बटणाचा स्टार्टर गेला आणि पुढच्या भोकात लोखंडी हँडल घालून फिरवल्याशिवाय ती सुरू होईना. उन्हात तापली की मध्येच थांबायची. झाडाखाली अर्धा तास उभी केली की पुन्हा चालायची, म्हणून मी त्याला दोष म्हणतच नव्हतो. मी कोर्टात सकाळी जायचो आणि उन्हं उतरल्यावर यायचो, त्यामुळे आमचं जमत होतं.

निघायच्या आदल्या संध्याकाळी आबांनी मोटार स्वतः धुतली, पोळ्याला बैल धुतात तशी. धुवू देत म्हटलं. पण पहाटे निघताना पाहतो तर त्यांनी ते हँडल गोणपाटात गुंडाळून स्वतःच्या पायाशी ठेवलेलं. माझं डोकं तिथेच तापलं. आमच्या गोठ्यात खुंट्यांवर नऊ दावी टांगलेली आहेत. बैल विकला तरी त्याचं दावं विकायचं नाही, दाव्याबरोबर गोठ्याची बरकत जाते, असा आमच्याकडचा रिवाज. आबांनी आजवर विकलेल्या प्रत्येक बैलाचं दावं घरी आलेलं आहे. आता मोटारीचं दावं म्हणून हे हँडल घेऊन परत येणार, हे मला शेंबडं पोर सांगू शकलं असतं. आणि हँडलाशिवाय सुरू न होणारी गाडी भिकमचंद शेठ कशाला ठेवून घेतील?

"आबा, ते गाडीसोबत द्यावं लागतं," मी म्हणालो.

"पाहू," आबा म्हणाले.

पारोळा मागे पडेपर्यंत मी मनातल्या मनात त्यांच्याशी भांडत होतो. धुळं तीन-चार मैलांवर आलं तेव्हा एका निंबाखाली मी गाडी उभी केली, बरोबर आणलेली पोती ओली केली आणि इंजिनाच्या झाकणावर टाकली.

"काहून थांबला?" आबांनी विचारलं.

"इंजिन थंड करतो. तापलेली गाडी शेठच्या दारात नेली आणि तिथे बसली, तर कवडी मिळायची नाही. तुम्हाला माहीत नाही तिचे नखरे."

"मले माहीत हाये," आबा म्हणाले आणि पलीकडच्या शेताकडे बघत राहिले.

तासभर आम्ही निंबाखाली बसलो. मी त्यांना बजावून ठेवलं. शेठसमोर तोंड उघडायचं नाही, फक्त सही करायची, बोलायचं ते मी बोलेन. प्रत्येक वाक्याला ते "बरं" म्हणाले. एवढ्या वेळा बरं म्हणणाऱ्या साक्षीदारावर मी कोर्टात कधीच विश्वास ठेवला नसता.

भिकमचंद शेठ पन्नाशीचे, काळी टोपी, पांढरा कोट, बोलायला गोड. त्यांनी खुर्च्या दिल्या, चहा मागवला. आबांनी कप हातानेच मागे सारला. "सौदा झाल्यावर."

"आबा, चहा आहे, लाच नाही," मी दात आवळून म्हणालो.

"राहू द्या, वकीलसाहेब," शेठ हसले. "आमचे दादाजी पण असेच. कापसाचा सौदा होईपर्यंत समोरच्याचं पाणी नाही प्यायचे."

नवी मोटार काचेमागे उभी होती. सायीच्या रंगाची, देखणी. आबा तिच्याभोवती तीन फेऱ्या मारून आले. चाकं दाबून पाहिली. दिवे पाहिले. मग झाकण उघडायला लावलं आणि आत नाक घालून वास घेतला. पेढीतली दोन कारकून पोरं तोंडावर हात ठेवून हसत होती. मी छताकडे बघत होतो. मग आबांनी शेठच्या मिस्त्रीला, झुलालला, बोलावलं.

"हिले सोनगीरपर्यंत दामटून आना. मधी थांबू नका. ऊन लागू द्या."

"आबा, नवी गाडी आहे ती!" मी ओरडलोच. "कंपनीची कोरी गाडी. तिला काय नांगराला जुंपून बघणार?"

"जुंपल्याबिगर कसं कयंल?"

शेठनी खांदे उडवले आणि झुलालला मान डोलावली. सोनगीर जाऊन-येऊन पाऊण तास तरी लागणार. तो सगळा वेळ आबा दारात उन्हाकडे बघत उभे. गाडी परत आली तेव्हा बारा वाजून गेले होते आणि इंजिनाच्या झाकणाला हात लावायची सोय नव्हती.

"बंद करा," आबा म्हणाले. झुलालने बंद केली. आबांनी मनात काहीतरी मोजलं. "आता सुरू करा."

सुरू झाली.

"बंद करा. सुरू करा."

पुन्हा सुरू झाली. तिसऱ्यांदा त्यांनी तेच सांगितलं तेव्हा झुलालसुद्धा कंटाळला. "आबा, बठ्ठं बराबर शे. नवं इंजन शे. शंभर डाव करशात तरी चालू व्हईच."

"आजून एक डाव करा," आबा म्हणाले.

मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. हे शेतात चाललं असतं, पण इथे चारचौघांत, काचेच्या दुकानात, माझे अशील येतात-जातात अशा रस्त्यावर. घरी कुंदा दिवस मोजते आहे आणि हा माणूस मोटार चालू-बंद करून खेळतो आहे.

त्यातल्या त्यात बरं म्हणजे, तोवर आमची जुनी गाडी सावलीत गारेगार झाली होती. झुलालने हँडल मागितलं. आबांनी गोणपाट सोडून ते दिलं, "परत द्या" म्हणून बजावून. पहिल्याच फटक्याला इंजिन सुरू झालं. झुलाल पेठेत एक चक्कर मारून आला आणि खूश होऊन म्हणाला, "जुनी शे, पन दमदार शे." मी शेठकडे पाहिलं. शेठ मान डोलवत होते. हँडल पुन्हा गोणपाटात गेलं, आबांच्या पायाशी.

मी किमतीचं बोलायला तोंड उघडणार, तोच आबांनी खांद्यावरचं उपरणं काढून शेठच्या आणि आपल्या हातावर टाकलं. बैलबाजारात दलाल करतात तसं. कपड्याखाली बोटं धरायची, दाबायची, सोडायची, आणि बाजूला उभ्या असलेल्या कोणालाही आकडा कळू द्यायचा नाही. मला वाटलं शेठ आता हाकलून देतील. पण शेठचे डोळे चमकले. कापसाच्या पेढीत लहानपण काढलेला माणूस तो. त्याने कोटाची बाही वर केली आणि खुर्ची पुढे ओढली.

मग दोघांच्या मुद्राच बोलत होत्या. शेठ भुवया उडवत, आबा नकार देत. शेठ सुस्कारा टाकत, आबा पुन्हा बोटं दाबत. मी बी.ए., एलएल.बी., माझ्याच मोटारीचा भाव ठरतोय आणि मला एक अक्षर कळत नाही. "काय ठरलं? किती?" मी दोनदा विचारलं. दोघांनीही माझ्याकडे लक्ष दिलं नाही.

अखेर शेठ म्हणाले, "ठरलं, आबा." त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळलं की भाव चांगला आला आहे. मी सुटकेचा श्वास टाकला आणि कागद पुढे ओढले. आबांनी उपरणं उचललं नाही.

"थांबा, शेठ. खोड सांगायची राह्यली."

मी टाक त्यांच्या हातात कोंबला. "आबा, सही करा."

आबा उठले आणि दारातल्या जुन्या मोटारीजवळ गेले. बैल देताना त्याच्या पाठीवर हात ठेवून खोड सांगायची, मारका असेल तर मारका, बसका असेल तर बसका, हे मी लहानपणापासून पाहिलेलं. आबांनी उजवा हात मोटारीच्या झाकणावर ठेवला. त्या हाताचं मनगट दोन वर्षांपासून वाकडं आहे. विहिरीवर मोट हाकताना घसरलो, असं त्यांनी आम्हाला सांगितलं होतं.

"ही मोटार उन्हात तापली म्हंजे बंद पडते," आबा म्हणाले. "पडली का मंग सुरू व्हत नही. आज सुरू झाली, कारन माह्या पोरानं निंबाखाली तिच्यावर वल्ले पोते टाकले व्हते."

कारकून पोरं हसायची थांबली. शेठनी उपरण्याखालून हात काढून घेतला. सहा महिने पत्रं लिहून मी जे जुळवलं होतं, ते त्यांनी दोन वाक्यांत मोडलं.

"झालं तुमचं समाधान?" मी म्हणालो. "एकदा उशीर करून झाला, आता पुन्हा करा. कुंदाला पुन्हा सुईणीच्या हाती द्या!"

आबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते शेठशीच बोलत राहिले, ठरलेली ओळ पुरी करावी तसे.

"दोन सालाआधी वैशाखात माह्यी सून हिच्यात व्हती, शेठ. दिस भरलेले. अकराले असोद्याहून निघालो. नाल्याच्या चढावर ही बंद पडली. आमचा गडी उखर्डू चाकावर बसला न् मी हांडल मारत व्हतो. हांडलानं उलटं मारलं न् मनगट मोडलं. मंग डाव्या हातानं मारलं. दोन घंटे. सून आतून म्हने, आबा, राहू द्या तुमचा हात. मंग एक दमनी भेटली, तिच्यात टाकून नेलं. नातू हाती लागला नही."

मी टेबलाची कड धरली होती.

"ह्याले हे सांगतलं नही," आबा म्हणाले. "मोटार यानं हौसेनं आनली व्हती. पन घेनाराले सांगा लागते. घेनाराच्या घरीबी सून असंन."

अकराला निघाले होते. अकराला म्हणजे कळा सुरू झाल्या झाल्या. सुईणीवर भरवसा ठेवला नव्हता, उशीर केला नव्हता. उखर्डूला माहीत होतं. कुंदाला माहीत होतं, आणि ती सांगायला आली की मी उठून जात होतो. पंगतीत बसून दहा मिनिटांच्या गप्पा मारणारा मी, मी आणलेली मोटार, आणि दोन वर्षं मी ह्या म्हाताऱ्याच्या ताटाला ताट लावून बसलो नव्हतो.

"मला का नाही सांगितलंत?" मी विचारलं.

आबा आता माझ्याकडे वळले. "सांगून काय व्हतं? तुले रोज हिच्यातच बसून कोर्टात जा लागे. बसता आलं असतं का तुले?" मग जरा थांबून म्हणाले, "माह्यावर राग धरला तं धरला. मी म्हतारा मानूस, मले चालते."

मी खाली बसलो. तिथे चारचौघांत मला रडू आलं आणि ते मी लपवलं नाही. कोणीतरी समोर पाण्याचा पेला ठेवला.

भिकमचंद शेठ बोटातली अंगठी फिरवत होते. मग म्हणाले, "आबा, भाव उतरेल."

"उतरवा."

आबा परत येऊन बसले आणि शेठनी पुन्हा उपरण्याखाली हात घातला. ह्या वेळी फार वेळ लागला नाही. आबांनी कमरेचा कसा सोडला आणि वरचे पैसे टेबलावर ठेवले. केळीचे पैसे ते घरूनच घेऊन आले होते. खोड सांगणार, भाव उतरणार, हे त्यांनी पहाटेच ठरवलेलं होतं आणि मला मात्र वाटत होतं की त्यांना काही कळत नाही. आकडा किती, हे मी त्या दिवशी विचारलं नाही आणि पुढेही कधी विचारलं नाही.

"ही गाडी मी रस्त्यावर विकणार नाही," शेठ म्हणाले. "इंजिन काढून कोणाच्या तरी विहिरीवर बसवून देईन. तापलं तर पाणी जवळच आहे." मग कागद पुढे करत म्हणाले, "आणि दावं तुम्ही ठेवून घ्या, आबा. तुमचा रिवाज मला ठाऊक आहे. आमच्याकडे दुसरं हँडल मिळेल."

आबांनी सही केली, वाकड्या मनगटाने, सावकाश. मग वाकून गोणपाट उचललं, सोडलं आणि ते लोखंडी हँडल टेबलावर कागदांशेजारी ठेवलं.

"हिचं दावं माह्या गोठ्यात नको," ते म्हणाले. "आता चहा सांगा."

परतीच्या वाटेवर आबा पुढे माझ्या शेजारी बसले होते. पारोळा गेलं, एरंडोल गेलं. नवी गाडी विनातक्रार धावत होती. मी दोनदा माफी मागायला सुरुवात केली आणि दोन्ही वेळा आबांनी बाहेरच्या कपाशीच्या रिकाम्या शेतांवरून काहीतरी विषय काढला. जळगाव ओलांडून असोद्याच्या रस्त्याला लागलो तेव्हा उन्हं कलली होती. नाल्याचा चढ आला आणि आबांनी पुढची पट्टी घट्ट धरली.

मी तिथेच, चढाच्या मध्यावर, गाडी थांबवली आणि बंद केली.

"काहून?" आबांनी पट्टी न सोडता विचारलं.

मी चावी फिरवली, बटण ओढलं. गाडी सुरू झाली. आबांनी डोळे मिटले. मी पुन्हा बंद केली.

"आजून एक डाव कर," ते म्हणाले.

मी केली. मग आणखी एकदा. मग ते सांगायचे थांबले, तरी मी बंद करत होतो आणि सुरू करत होतो. मागून आलेल्या एका बैलगाडीवाल्याने थांबून विचारलं, बिघडली का भाऊ? मी म्हणालो, नाही, चांगली चालते आहे. दुपारी पेढीत तीन-चारदा चालू-बंद केली तर माझा संताप झाला होता, इथे किती वेळा केली ते मी मोजलं नाही.

घरी पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. कुंदा आरतीचं ताट घेऊन ओट्यावर उभी होती, एक हात कमरेवर. नव्या गाडीकडे तिने पाहिलंही नाही. वाट पाहून तिचा जीव टांगणीला लागला होता.

"किती उशीर हा," ती म्हणाली. "दुपारी येणार होतात ना?"

मी दार उघडून खाली उतरतो न उतरतो तोच आबा पलीकडून, सवयीने, म्हणाले, "मीच निघालो नही लवकर, बेटा."

"खोटं आहे ते," मी म्हणालो. "आबा वेळेवरच निघाले होते. नाल्याच्या चढावर उशीर झाला, आणि तो माझ्यामुळे झाला."

कुंदाने आधी माझ्याकडे पाहिलं, मग आबांच्या मनगटाकडे, आणि तिच्या हातातलं ताट कलंडलं. आबा पुढे झाले आणि त्यांनी ते दोन्ही हातांनी धरलं.